मॅडम बंदोबस्ताला गेल्यात



कुठे बलात्कार झाला, कुणा मुलीवर भर रस्त्यात कोयता चालला, की आपण मोर्चा काढतो. आपल्या निवेदनात एक मागणी ठरलेली असते : पोलिसांची गस्त वाढवा. ही मागणी मंत्र्यांनाही आवडते. ती चटकन मान्य होते, एक पथक जाहीर होतं, त्याला एखाद्या शूर स्त्रीचं नाव मिळतं, आणि नव्या गाड्यांना हिरवा झेंडा दाखवतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. त्या गाडीत बसणारी माणसं आली कुठून, हे फोटोत दिसत नाही. ती बहुतेक वेळा ठाण्यातूनच उचललेली असतात. ज्या ठाण्यात चार बायका होत्या, तिथे दोन उरतात. मग रात्री अकराला मार खाऊन आलेल्या बाईला ऐकायला मिळतं, "मॅडम बंदोबस्ताला गेल्यात, सकाळी या."

गेली बावीस वर्षं मी एका तालुक्याच्या गावी संघटनेचं काम करते. या काळात पोलीस ठाण्याच्या बाकावर मी किती तास बसले, त्याची मोजदाद नाही. म्हणून पोलिसांची संख्या, त्यांची गस्त आणि त्यांचं प्रशिक्षण हा विषय मला गृहखात्याच्या अंदाजपत्रकाचा न वाटता थेट आपला वाटतो. त्यावर जरा सविस्तर बोलू या.

आधी इतिहास. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात रात्रीच्या वेळी मथुरावर बलात्कार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज ते गडचिरोलीत आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभरातल्या बाया रस्त्यावर उतरल्या. आपल्या चळवळीची एक मोठी लाट तिथून उठली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्त्री आरोपींना वेगळ्या कोठडीत ठेवा, तिथे पहाऱ्याला स्त्री पोलीस असू द्या, आणि त्यांची चौकशी स्त्री पोलिसांच्या हजेरीतच करा. पुढे नियम आला, की सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही. अगदीच अपवाद असेल तर स्त्री अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी. २०१३ मध्ये ठरलं, की बलात्कार, विनयभंग, ॲसिडहल्ला अशा गुन्ह्यांत बाईची फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही या तरतुदी कायम आहेत.

यातली प्रत्येक ओळ आपण लढून मिळवली आहे. पण प्रत्येक ओळ एक गोष्ट गृहीत धरते, की ठाण्यात बाई आहे. ती नसेल तर हेच संरक्षण दार लावायला उपयोगी पडतं. आमच्याकडची गोष्ट सांगते. नवऱ्याने डोक्यात पाट घातलेली एक बाई दोन लेकरं घेऊन रात्री ठाण्यात गेली. ठाणे अंमलदार म्हणाला, "बाईची तक्रार बाईनेच घ्यायची असा कायदा आहे, आमच्या मॅडम यात्रेच्या बंदोबस्ताला आहेत." ती परत गेली, म्हणजे त्याच घरात गेली. दुसऱ्या दिवशी मी त्या अंमलदाराला विचारलं, हा कायदा मारहाणीला लागू आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? तो खरोखर गोंधळला. स्त्री अधिकाऱ्याची अट लैंगिक गुन्ह्यांना आणि ॲसिडहल्ल्याला आहे. नवऱ्याने डोकं फोडलं तर ती फिर्याद कोणत्याही अंमलदाराने तिथल्या तिथे लिहून घेतलीच पाहिजे. माणूस दुष्ट नव्हता. त्याला अर्धा नियम माहीत होता आणि उरलेला अर्धा कुणी शिकवला नव्हता. अपुरी माणसं आणि अपुरं शिक्षण, दोन्ही त्या रात्री एका टेबलावर बसली होती, आणि त्याची किंमत त्या बाईने मोजली.

आता जरा हिशेब करू. केंद्रीय गृहखात्याने २०१३ मध्ये राज्यांना कळवलं, की प्रत्येक ठाण्यात किमान ३ स्त्री उपनिरीक्षक आणि १० स्त्री शिपाई असाव्यात. हा दहाचा आकडा ऐकून काहींना वाटतं, एवढ्या बायका बसून काय करणार? कागद-पेन्सिल घ्या. चोवीस तास दोन बायका हजर हव्यात, पाळी आठ तासांची. रोजच्या तीन पाळ्या, प्रत्येकी दोघी, म्हणजे दिवसाला सहा आणि आठवड्याला बेचाळीस पाळ्या झाल्या. एका बाईला आठवड्याची एक सुट्टी दिली तर ती सहा पाळ्या करते. म्हणजे सात जणी लागल्या. त्यात आजारपण, बाळंतपणाची रजा, कोर्टाच्या तारखा, समन्स-वॉरंट, यात्रा, निवडणूक, गणपती आणि प्रशिक्षण धरा. नऊ-दहा जणी सहज होतात. आता उलट बाजूने बघा. ज्या ठाण्यात स्त्री शिपाई तीनच आहेत, तिथे बारा तासांची पाळी लावली तरी एका वेळी एकच बाई मिळते, आणि तिघींपैकी एक आजारी पडली की रात्र रिकामी जाते. कुणी कितीही भला अधिकारी आला तरी हे गणित बदलत नाही.

देशभरच्या पोलीस दलात स्त्रियांचं प्रमाण शंभरात बाराच्या आसपास आहे. महाराष्ट्रात ते त्याहून बरं आहे, पण १९९४ चं महिला धोरण आणि नोकऱ्यांतलं ३० टक्के आरक्षण इतकी वर्षं असूनही आपण अजून तीसला पोचलेलो नाही. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. तेव्हा माणसं मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये. जागा वेळेवर भरल्या जात नाहीत, कारण पगाराचा पैसा दरवर्षी द्यावा लागतो आणि गाडी एकदाच घ्यावी लागते. सरकारला एकदाच होणारा खर्च आवडतो. २०२० मध्ये निर्भया निधीतून १०,००० ठाण्यांत महिला मदत कक्ष उघडायला १०० कोटी रुपये दिले गेले, म्हणजे ठाण्याला एक लाख. एवढ्यात टेबल, खुर्च्या, कपाट, संगणक येतो. त्या खुर्चीत बसणारी बाई येत नाही.

आणि गाड्यांचं तरी काय होतं? मुंबईत २०२२ साली निर्भया निधीतून २२० बोलेरो घेतल्या. त्याच वर्षी डिसेंबरात बातमी आली, की त्यातल्या ४७ गाड्या आमदार-खासदारांच्या संरक्षणासाठी मागवून घेतल्या होत्या. काही परत गेल्या, बाकीच्यांसाठी ओरड व्हावी लागली. बायांच्या नावाने घेतलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावायला फार वेळ लागत नाही, हे आपल्याला नवं नाही. रेशनपासून आपण हेच पाहतो आहोत.

आता गस्तीकडे येते. बीट मार्शल मोटारसायकलवर दोघं जावेत अशी पद्धत आहे. माणसं कमी पडली, की एकटाच जातो. ११२ ला फोन केला की गाडी येते असं आपण बायांना सांगतो, आणि ते सांगायलाच हवं. पण कोण येतं, तेही बघायला हवं. आमच्या भागातल्या एका वस्तीवर एका बाईच्या फोनवरून एक शिपाई रात्री एकटा पोचला. नवरा प्यालेला, हातात कोयता. शिपाई उंबऱ्याबाहेर उभा राहिला, "उद्या सकाळी ठाण्यात ये," असं नवऱ्याला ओरडून सांगितलं आणि गेला. तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर आत काय झालं असेल, ते लिहायची गरज नाही. मी त्याला जाब विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी एकटा होतो. मदत मागवली असती तर यायला पाऊण तास. मी आत गेलो असतो तर माझी बायको विधवा झाली असती." मी त्याचं समर्थन करत नाही. पोलीस दारातून परत गेला, की नवऱ्याला कळतं, की आता कुणीच येणार नाही. ती रात्र बाईसाठी फोन न करण्यापेक्षाही वाईट ठरते. पण त्या शिपायाला निलंबित करून पुढच्या रात्री पुन्हा एकट्यालाच पाठवलं, तर आपण काय मिळवलं?

एकट्याच्या गस्तीची बाजू घेणारे अमेरिकेतला एक अभ्यास पुढे करतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात पोलीस फाउंडेशनने एका माणसाची गाडी आणि दोन माणसांची गाडी यांची तुलना केली. १९७७ मध्ये आलेला निष्कर्ष असा होता, की एकट्याची गाडी कामात कमी पडत नाही, सुरक्षिततेतही नाही, उलट तिच्याबद्दल तक्रारी कमी येतात. आणि दोघांच्या गाडीला खर्च ८३ टक्के जास्त येतो. अभ्यास खोटा नाही. पण तिथे प्रत्येकाकडे मोटार होती, वायरलेस होता, आणि गरज पडली तर दुसरी गाडी मदतीला धावत होती. एका गाडीतली दोन माणसं दोन गाड्यांत विभागली होती. आपल्याकडे दोनातला एक माणूस व्ही.आय.पी. बंदोबस्ताला जातो आणि उरलेला एकटा पडतो. खर्च वाचवायची पद्धत उचलायची आणि ती जिच्यावर उभी होती ती मदतीची व्यवस्था सोडून द्यायची, याला अभ्यास म्हणत नाहीत.

स्त्री शिपायाचं एकटेपण तर आणखी वेगळं. रात्रपाळीला ठाण्यात ती एकटीच बाई. कोठडीत बाई आरोपी असेल तर तिच्याजवळ हीच, फिर्याद आली तर हीच, पीडितेला दवाखान्यात न्यायचं तर हीच. ती दवाखान्यात गेली की कोठडीपाशी बाई नाही. म्हणजे शीला बारसे निकालाने जे सांगितलं, ते एका पेशंटच्या केसपेपरपायी मोडतं. धड संडास नाही, विसाव्याला खोली नाही, घरी तान्हं मूल. आपण मजूर बायांच्या पाळणाघरासाठी भांडतो, तेव्हा खाकीतली बाईही मजूरच आहे हे विसरता कामा नये. १८ ऑगस्ट १९८२ ला, गिरणी संप चालू असतानाच, मुंबईच्या पोलिसांनी आपल्या हालांविरुद्ध बंड केलं आणि सरकारने त्यांची संघटना मोडून काढली. तेव्हापासून शिपायाला आपलं गाऱ्हाणं सामूहिकपणे मांडायला जागा नाही. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत देवनार ठाण्यात सुरू झाला तो २०१६ मध्ये, आणि त्याची कल्पना एका शिपायाचीच होती. बारा-चौदा तास उभी असलेली बाई पहाटे तीनला आलेल्या मुलीशी मऊ बोलेल, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

प्रशिक्षणाचं दुखणं याच्याशीच जोडलेलं आहे. शिपायाचं पहिलं प्रशिक्षण सुमारे नऊ महिन्यांचं, त्यात कवायतीचा वाटा मोठा. पुढे नोकरीत असताना शिकवायचं म्हटलं तर पैसा नाही. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टप्रमाणे देशात पोलिसांवरच्या शंभर रुपयांतला सव्वा रुपयाच्या आसपास प्रशिक्षणावर जातो. पण मला पैशाहून मोठी अडचण वेळेची दिसते. आमच्या ओळखीची एक स्त्री शिपाई म्हणाली, "ताई, ट्रेनिंगला माझं नाव लागलं की साहेब म्हणतात, तू गेलीस तर इथे महिला कोण?" म्हणजे जिथे एकच बाई आहे, तिथे त्या बाईला कधीच शिकायला मिळणार नाही. सगळ्यात जास्त स्त्रियांचे गुन्हे तीच हाताळणार आणि नवा कायदा तिला व्हॉट्सॲपवरून कळणार. २०२४ मध्ये तिन्ही फौजदारी कायदे एकदम बदलले. ४९८-अ म्हणणाऱ्या जिभेला आता कलम ८५ म्हणायचं आहे. कलमांचे आकडे पाठ होतील. पण हद्दीचं कारण न सांगता शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा, पीडितेला त्याच त्या गोष्टी पाचदा सांगायला लावायच्या नाहीत, हे परिपत्रक वाचून येत नाही. ते बसून, करून शिकावं लागतं.

इथे कुणी म्हणेल, बायका भरा म्हणजे प्रश्न सुटेल. तसंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, तेव्हा पालकांना फिर्याद नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळत बसावं लागलं. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्या ठाण्याची प्रमुख बाईच होती. वर्दी चढवली की बाईही त्याच व्यवस्थेची भाषा बोलायला लागते, हे आपण सासू-सुनेच्या प्रश्नात फार पूर्वी शिकलो आहोत. म्हणून संख्या आणि शिक्षण एकमेकांपासून तोडता येत नाही.

हे जमतं, याचा पुरावा आहे. मध्य प्रदेशात १८० ठाण्यांत संशोधकांनी पोलिसांबरोबर पाहणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही ठाणी निवडून तिथे बायांसाठी मदत कक्ष, वेगळी जागा, नेमून दिलेली पद्धत आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. २०२२ मध्ये 'सायन्स' मासिकात निष्कर्ष आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत बायांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि एफ.आय.आर. वाढले ते मुख्यतः जिथे कक्ष स्त्री अधिकाऱ्यांच्या हाती होता तिथे. जागा, शिक्षण आणि बाई, तिन्ही लागलं. आपल्या घरचं उदाहरण तर त्याहून जुनं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलिसांच्या छपराखाली समाजकार्यकर्ती बसवली, आणि पुढे सरकारने ते काम राज्यभर नेलं. जिथे ही कार्यकर्ती नीट बसते तिथे बाईला तडजोडीच्या कागदावर अंगठा द्यायला लावणं अवघड होतं.

आपल्यातल्या काही मैत्रिणींचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. ज्या पोलिसांनी आपल्या मोर्च्यावर लाठ्या चालवल्या, ज्यांच्या कोठडीत दलित-आदिवासी-भटक्या समाजातली माणसं मेली, त्यांच्यासाठी पैसा आपण का मागायचा? तो पैसा निवारागृहांना, संरक्षण अधिकाऱ्यांना का नको? माझं उत्तर असं, की महिला व बालकल्याणाचा एक पैसाही पोलिसांकडे वळता कामा नये, आणि लाठ्या वाढवायची मागणी मी करत नाही. पण रात्री दोन वाजता उघडं असणारं सरकारी दार एकच आहे आणि ते ठाण्याचं आहे. शहरातली शिकलेली बाई वकिलाला फोन करील. पारधी वस्तीवरची, ऊसतोडीच्या पालातली बाई कुठे जाईल? ते दार वाईट आहे म्हणून ते ओस पडू दिलं, तर तोटा तिचाच. शिवाय एकटा, थकलेला, न शिकलेला पोलीस हा कमी पोलीस असलेल्या राज्यातला सर्वांत धोकादायक पोलीस असतो. मथुराच्या ठाण्यात त्या रात्री तिच्या बाजूने उभं राहणारं कुणीही नव्हतं, हे आपण विसरायचं नाही.

तेव्हा 'गस्त वाढवा' या दोन शब्दांऐवजी आपल्या निवेदनात पुढच्या गोष्टी नेमकेपणाने याव्यात. एक, रात्री प्रत्येक ठाण्यात किमान दोन स्त्री पोलीस, आणि त्या बंदोबस्ताला काढायच्या नाहीत. दोन, घरगुती हिंसेच्या फोनवर कुणालाही एकट्याने पाठवायचं नाही. पोलीस परतण्याआधी बाई कुठे राहणार हे ठरलेलं असावं. तीन, नव्या पथकासाठी नव्या जागा मंजूर करा, ठाणी रिकामी करू नका. चार, प्रत्येक अंमलदाराला वर्षातून ठराविक दिवस प्रशिक्षण, आणि त्या दिवसांसाठी बदली माणूस. शिकवणाऱ्यांत बायांच्या संघटना हव्यात. पाच, विशेष कक्षातल्या कार्यकर्त्यांना कायम वेतन.

हे मागण्यापूर्वी आपल्या हातात आकडे हवेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. आपापल्या ठाण्याला विचारा : स्त्री पोलिसांची मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या तीन महिन्यांत रात्रपाळीला किती रात्री एकही स्त्री हजर नव्हती, किती दिवस त्या बंदोबस्ताला होत्या, गेल्या वर्षी किती जणांनी स्त्रीविषयक कायद्यांचं प्रशिक्षण घेतलं. ज्या मैत्रिणी महिला दक्षता समितीवर आहेत, त्यांनी चहा-बिस्किटं झाल्यावर हेच प्रश्न बैठकीत विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. पंधरा-वीस तालुक्यांची उत्तरं जमली, तर राज्याच्या अंदाजपत्रकाआधी आपल्याला गृहखात्यापुढे भावनेने बोलावं लागणार नाही. आम्ही आमच्या ठाण्याचा अर्ज टाकला आहे. तुमचाही टाका, आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं अंकाकडे पाठवा.